भरतीच्या वरची जागा

माझा थोरला भाऊ ब्रह्मदेशात मारला गेला, हे आम्हाला लढाई चालू असतानाच कळलं होतं. त्याला पुरलं कुठे, हे कळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली. आणि ते शोधून काढलं माझ्या वहिनीने. तिला सही करता येत होती, त्यापलीकडे लिहिणं-वाचणं येत नव्हतं. गिरणी आणि आमची चाळ सोडली तर मुंबई तिने फारशी पाहिलेली नव्हती.

आम्ही लोअर परळच्या एका चाळीत, एका खोलीत राहायचो. आई, वहिनी आणि मी. वडील मी लहान असतानाच गेले. मूळचे आम्ही रत्नागिरीकडचे. आजोबा जुन्या काळी पलटणीत शिपाई होते, त्यांचा पितळी बिल्ला आई अजून घासूनपुसून ठेवायची. मधल्या काळात आमच्या लोकांना पलटणीत घेणं सरकारने बंद केलं होतं. दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि ते दार पुन्हा उघडलं. भाऊ तेव्हा गिरणीत बदली कामगार होता. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं आणि मुकादमाने बोट दाखवलं तर आत जायचं, नाहीतर परत यायचं. तो आईला म्हणाला, "गेटवर उभं राहायचंच तर बंदूक घेऊन राहतो." वहिनीशी त्याचं लग्न होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते.

तो एकदा रजेवर येऊन गेला, आणि त्यानंतर आली ती तारच. तार इंग्रजीत होती. खालच्या मजल्यावरच्या एका कारकुनाने ती वाचून दाखवली. आईने भिंतीला पाठ टेकली आणि त्या दिवसापासून तिने मुलाचं नाव घेणं सोडलं. चुकून कोणी विषय काढला तर उठून गॅलरीत जायची. वहिनी मात्र दुसऱ्या महिन्यात गिरणीत लागली, वाइंडिंग खात्यात, सुताच्या कांड्या भरायला. तिच्या पगारावर मी शिकले. मी पालिकेच्या शाळेत शिक्षिका झाले, तेव्हा तिने आमच्या अख्ख्या मजल्याला पेढे वाटले.

तिचं वय काही मोठं नव्हतं. आमच्यात दुसरं लग्न व्हायचं. आईनेच तिला एकदा सांगितलं, "तुझं आयुष्य हाय. मी आडवी येणार न्हाय." वहिनी चुलीपुढे बसली होती. हसून म्हणाली, "आत्या, मला घालवायची घाई का गो तुमाला?" सासूला ती आत्याच म्हणायची. तो विषय तिथेच राहिला.

खरा विषय सुरू झाला तो संयुक्त महाराष्ट्राच्या गडबडीत.

त्या वर्षी परळ-लालबाग पेटलेलं होतं. मुंबई महाराष्ट्राला मिळायची नाही म्हटल्यावर गिरण्या बंद पडत, मोर्चे निघत, पोलीस लाठ्या चालवत. पुढे गोळीबारही झाले. आमच्या शेजारच्या चाळीतला एक तरुण मुलगा त्यात गेला. त्याला इस्पितळातून आणायला सगळी गल्ली गेली होती. वहिनीही गेली, आणि शेवटपर्यंत त्याच्या आईचा हात धरून चालली. घरी आल्यावर अंघोळ करून ती माझ्याशेजारी येऊन बसली. मग मला म्हणाली,

"त्या बाईचा मुलगा गेला. पण तो कुठं गेला ते तिला म्हाईत हाय. आपल्याला काय म्हाईत हाय?"

मी म्हटलं, "वहिनी, तारेत होतं ना, बर्म्याच्या बाजूला."

"बर्मा काय आपली खोली हाय? माणूस मेला ते कळलं. ठेवला कुठं, ते कळायला नको?"

गावाकडे आमच्यात माणसाला पुरतात. पुरल्या जागी दगड ठेवतात. गावी गेलं की आई बोट दाखवून सांगायची, हा तुझा पणजोबा, ही तुझी मोठी काकी. प्रत्येकाची जागा ठरलेली असायची. पुढे काही महिन्यांनी आमच्या चाळीने बुद्धाचा धम्म घेतला. देव्हारे गेले, पिंड आणि कावळा गेला. वहिनीला त्याचं दुःख नव्हतं, पांढरं लुगडं नेसून ती सगळ्यांच्या पुढे होती. पण एकदा मला म्हणाली, "आता मंतर न्हाय, पिंड न्हाय, हे बरंच झालं. पण त्याला आठवायचं तर मी तोंड कुठं करून बसू, ते तरी कळू दे."

शाळेच्या सुट्टीत मी तिला घेऊन फोर्टात लष्कराच्या एका कचेरीत गेले. तिथले एक कारकून गिरगावातले होते. काळा कोट, डोक्यावर टोपी आणि बोलणं अगदी पुण्याच्या वळणाचं. मला वाटलं, हे आपल्याला उभंसुद्धा करणार नाहीत. त्यांनी खुर्ची दिली. वहिनी खुर्चीवर बसायला तयार नव्हती, तर म्हणाले, "आपण बसल्याशिवाय मी काम सुरू करणार नाही." चौकशी करायला त्यांनी बरेच दिवस घेतले. आम्ही पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी जे होतं ते स्पष्ट सांगितलं.

"आपले यजमान आराकानात होते. ब्रह्मदेशाची समुद्राकाठची पट्टी. सगळ्या खाड्याच खाड्या. तिथे जे गेले त्यांतल्या पुष्कळांच्या कबरी सापडल्या नाहीत. अशांची नावं तिकडे दगडी खांबांवर कोरणार आहेत. यजमानांचंही नाव त्यात येईल."

वहिनीने विचारलं, "आणि ते स्वतः?"

त्यांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "ते आमच्याकडे नाही. खोटं कशाला सांगू?"

"नाव तर माझ्यापाशी हाय, साहेब," वहिनी म्हणाली. "नाव हरवलेलं न्हाय."

त्या गृहस्थांनी चष्मा काढला आणि पुसला. आम्ही उठलो तेव्हा ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, "बाई, कागदाला जेवढं माहीत होतं तेवढं संपलं. आता जी माणसं तिथे होती त्यांनाच विचारायला हवं. अशी माणसं मुंबईत पुष्कळ असतील."

जिना उतरताना वहिनी म्हणाली, "चांगला माणूस. वाट दाखवली."

मला त्यात काही वाट दिसली नव्हती. मुंबईसारख्या शहरात आराकानातून परत आलेली माणसं शोधायची कुठे? वहिनीला ते रस्त्यातच सुचलं होतं. ती म्हणाली, "सभेला."

त्या दिवसांत सभेला सगळा गिरणगाव लोटायचा. कामगार मैदान, शिवाजी पार्क, चौपाटी. सातारचे, कोकणचे, नगरचे, गिरणीतले, गोदीतले, सगळे. वहिनी सभांना आधीपासून जायचीच. घोषणा द्यायला तिचा आवाज खणखणीत होता. एका मोर्चात लाठी लागून तिचं मनगट सुजलं होतं, तरी दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. आता ती सभेत भाषण ऐकता ऐकता माणसं बघू लागली. फौजेतून आलेला माणूस तिला लांबून ओळखू यायचा. कोणाच्या अंगावर जुना खाकी कोट असे, कोणी जमिनीवर बसला तरी पाठ ताठ ठेवून बसे. सभा संपली की ती सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहायची.

"दादा, तुम्ही फौजेत होता काय? बर्म्याला होता काय?"

सुरुवातीला मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी शाळेतली बाई, माझ्या वर्गातल्या मुलांचे बाप त्या गर्दीत असायचे. एकाला वाटलं, ही पोलिसांची माणूस आहे. तो उठून चालता झाला. एकाने उलट विचारलं, "तुला काय करायचंय गं?" वहिनीने त्यालाही शांतपणे सगळं सांगितलं, तेव्हा तो वरमला आणि आपल्या ओळखीच्या आणखी दोघांकडे आम्हाला घेऊन गेला. हळूहळू माझी लाज गेली. कधी गेली तेही कळलं नाही. पुढे पुढे मीच बोट दाखवू लागले, "वहिनी, तो बघ, मफलरवाला."

लालबागच्या नाक्यावर एक जण भेटला. तो म्हणाला, मी तुमच्या यजमानांना चांगला ओळखत होतो, आम्ही एका ताटात जेवलोय. आणि त्याने एका गोऱ्या, बुटक्या माणसाचं वर्णन सुरू केलं. माझा भाऊ सावळा, चांगला उंच. मी वहिनीला कोपराने ढोसलं. पण तिने त्याचं सगळं ऐकून घेतलं. तो कसा गायचा, कसा रागवायचा, एकदा खेचरावरून कसा पडला. शेवटी म्हणाली, "दादा, तुमचा माणूस येगळा असणार. पण त्याचं सांगितलंत ते बरं केलंत."

घरी येताना मी तिच्यावर चिडले. "तुला कळत होतं ना तो दुसऱ्याचंच सांगतोय? मग कशाला ऐकत बसलीस?"

"अगो, त्याचा कोण तरी तिकडं राहिलाय," ती म्हणाली. "त्याला इचारणारं कोण भेटलं न्हाय, म्हणून तो मला सांगत व्हता."

मी पगारी शिक्षिका होते. पण माणसाचं असं ऐकून घ्यायचं असतं, हे मी तिच्याकडून शिकले.

असे किती भेटले, सांगता येणार नाही. कोणी दुसऱ्या आघाडीवरचे, कोणी आधीच जखमी होऊन परत आलेले. शेवटी चौपाटीच्या एका सभेत एक निवृत्त हवालदार सापडले. ते गिरगावात एका इमारतीवर पहारेकरी होते. त्यांनी आम्हाला दुसऱ्या दिवशी तिथे बोलावलं. भावाच्या पलटणीचं नाव ऐकल्याबरोबर ते स्टुलावरून उठून उभे राहिले आणि बोलणं संपेपर्यंत उभेच होते.

"मी त्याच पलटणीत होतो. पण त्या झुंजीच्या आधी मला हिवतापानं गाठलं, मला मागं पाठवलं. तुमचा माणूस दुसऱ्या कंपनीत. मी पाहिला असंल, पण ध्यानात नाही." मग थोडा विचार करून म्हणाले, "एक सांगतो. तिथं रस्ते नव्हते. जखमी माणूस मागं न्यायचा तो होडीतून. खाडीखाडीनं. आणि त्या होड्यांवर पुष्कळ आपली माणसं होती. हर्णैची, अलिबागची, इथली वरळीची. कोळी लोक. फौजेच्या होडीखात्यात भरती झालेले. लढणाऱ्यांना इचारून काय हुणार? आम्ही पुढं बघत होतो. मागं काय झालं ते नाववाल्याला ठावं."

पुढच्या रविवारी आम्ही वरळी कोळीवाड्यात गेलो. चालतच गेलो. वहिनीने धुवट लुगडं नेसलं होतं आणि केस चापून बांधले होते. मला मनातून धाकधूक होती. आपण कोण, कुठल्या, हे विचारतील आणि दारातूनच परत पाठवतील, हा अनुभव आमच्या पाठीशी बांधलेलाच असायचा. गल्ल्या अरुंद होत्या. दोऱ्यांवर बोंबील वाळत होते आणि बायका टोपल्यांपुढे बसून करंदी निवडत होत्या. वहिनीने त्यांतल्याच एका म्हाताऱ्या बाईला विचारलं. त्या बाईने आधी आम्हाला बसायला पाट दिला, तांब्याभर पाणी दिलं, आणि मग गल्लीच्या टोकाला हाक मारली. कोण, कुठल्या, काही विचारलं नाही.

तिने सांगितलेला, बर्म्याला जाऊन आलेला माणूस किनाऱ्यावर उपड्या होडीला टेकून जाळं शिवत बसला होता. पन्नाशीचा असेल, रुंद छातीचा, बोलायला तुटक.

"हाव, गेलेलो मी. पन मी लढलो नाय. होडीवर होतो."

"आमाला होडीवरचाच माणूस हवा व्हता," वहिनी म्हणाली आणि वाळूत बसली.

तिने भावाचं वर्णन केलं. पलटण, उंची, रंग, परळची चाळ. तो मान हलवत राहिला. "बाय, मी किती मानसं नेली तं काय सांगू? चिखलानं भरलेली मानसं. तोंड कुनाचं दिसतंय? तुला बरं वाटावं म्हनून मी उगाच हाव नाय बोलनार."

"नकाच बोलू," वहिनी म्हणाली. "मी परत येईन. तोवर ध्यानात आलं तर आलं."

आम्ही परत गेलो तेव्हा तो आमची वाटच बघत होता. त्याच्या बायकोने चहा केला. तो जाळं बाजूला ठेवून बसला आणि म्हणाला, "परळ बोललेलीस ना तू? त्यावरनं मना आठवलं. एक होता परळचा. तिकरं जाताना आमच्या होडीत बसलेला. सगले शिपाई हसत होते आनि ह्यो पोऱ्या दोन हातांनी होडीची कड धरून बसलेला. मी बोललो, काय रं, पान्याला भितंस? तं तो बोलला, आमी नळाच्या पान्याची मानसं."

मला हसू आलं. भाऊ अगदी असाच बोलायचा. पण परळचा कोणीही असंच बोलेल. वहिनीच्या तोंडावर काहीच दिसलं नाही.

"मंग बोलला," तो पुढे सांगू लागला, "घरी बायकोला शबूद दिलाय. गोळीनं मरंन, पन बुडून मरनार नाय. बायकोनं शपथ घातलीय."

वहिनीने दोन्ही हात वाळूत रोवले.

त्या शपथेचं मलाही ठाऊक नव्हतं, आईलाही नव्हतं. वहिनीचे वडील गावच्या खाडीत तरीच्या होडीतून जाताना बुडाले होते. ती तेव्हा लहान होती आणि काठावर उभी होती. लग्न झाल्यावर तिने ते एका माणसाला सांगितलं होतं. तो फौजेत निघाला तेव्हा त्याच्याकडून वचन घेतलं होतं ते एवढंच.

"तोच," ती म्हणाली. आवाज अगदी खाली. "दादा, तोच. सांगा पुढचं."

त्याने सांगितलं. सांगताना तो आमच्याकडे बघत नव्हता, समुद्राकडे बघत होता. काही दिवसांनी त्याच जागी तो जखमींना आणायला गेला. ज्यांना उचलून होडीत ठेवलं त्यांत तो परळचा होता. पोटात गोळी लागलेली. शुद्धीवर होता. ओहोटी लागली होती, पाणी येईपर्यंत होडी हलणार नव्हती. भरतीची वाट बघत ते तिवरांच्या झाडीच्या आडोशाला थांबले. तो पाणी मागत होता. पोटात जखम, म्हणून पाणी द्यायला बंदी होती. नाववाला ओलं फडकं त्याच्या ओठांना लावत राहिला. "लई बोलला नाय. मना बोलला, होडी हलते काय? मी बोललो, नाय रं बाबा, होडी चिखलात बसलीय, तू जमनीवरच हायेस. तवा जरा निवांत झाला." पाणी चढायच्या आधी तो गेला.

 मग तो म्हणाला,

"होडीत जागा नव्हती. जिती मानसं न्यायची होती. वरचा सायब बोलला, मेलेल्याला पान्यात सोडा नि निघा. तो सायब वाईट नव्हता, त्याला घाई होती. पन मी नाय सोडला. मी बोललो, सायब, याला पान्यात नाय सोडनार. जरा थांबा. मंग मी नि आमचा आलिबागचा एक खलाशी, आमी दोघांनी त्याला उचलला. तिवरांच्या वर एक टेकाड होता, कोरडा. तिकरं खड्डा केला. दगड तिकरं मिलत नाय, सगली माती. होडीतलं एक मोडकं वल्हं होतं, तं उभं केलं डोक्याशी. तुमच्यात डोकं कुठं करतात, मना माहीत नव्हतं. मी समुद्राच्या उलट्या बाजूला केलं. पान्याकरं पाठ."

वहिनी उठली आणि वाकून त्याच्या पायांना हात लावला. तो एकदम मागे सरकला. "असं नको करू गो बाय. नको."

"तुम्ही त्याचं वचन पाळलंत," ती म्हणाली.

आमच्यामागे उभी असलेली त्याची बायको पदराने डोळे पुसत होती. तिने नवऱ्याला विचारलं, "मना कंदी नाय सांगितलंस हे?" तो म्हणाला, "कुनी इचारलं?"

वहिनीने मग एकेक विचारायला सुरुवात केली. खड्डा खोल होता का? जनावर उकरील एवढा उथळ तर नव्हता? अंगावर काय घातलं? त्याने सांगितलं, खोल होता, आणि आपली स्वतःची घोंगडी त्याच्याभोवती गुंडाळली होती. तिने विचारलं, जागा दिसायला कशी होती. त्याने थोडा वेळ हातांनी दाखवायचा प्रयत्न केला, बोटाने वाळूत रेघा मारल्या. मग रेघा पुसून टाकल्या.

"असं नाय कलायचं. ये, दाखवतो. माहीमच्या खारीत तशीच जागा हाय."

आणि त्याने आपली होडी पाण्यात लोटली.

मी वहिनीकडे बघितलं. वडील बुडाल्यापासून ती खाडीच्या पाण्यात उतरली नव्हती. गावी जाताना बोटीत बसायला नको म्हणून ती एसटीचा फटका सोसायची. मी म्हटलं, "राहू दे वहिनी, किनाऱ्यानं चालत जाऊ." तिने लुगड्याचा ओचा खोचला, गुडघाभर पाण्यात शिरली आणि त्याचा हात धरून होडीत चढली. चढल्यावर दोन हातांनी कड घट्ट धरून बसली. भाऊ जसा बसला होता, अगदी तशी. ते तिलाही कळलं असावं, कारण ती माझ्याकडे बघून पुसटसं हसली.

पाणी शांत होतं. तो वल्हवत होता, उन्हात त्याची पाठ चमकत होती. माहीमच्या खाडीच्या तोंडाशी तिवरं दाट झाली, पाणी मातकट झालं. एका वळणावर त्याने वल्हं थांबवलं.

"असं वळान. अशीच तिवरं. फक्त याच्या दुप्पट उंच. पानी असंच, गडूळ. नि तिवरांच्या मागं बघ, ती जमीन वर चढते. तिकरं वर."

वहिनी बघत राहिली. चिखलात खेकडे पळत होते. एक बगळा उडून पलीकडे गेला. तिने विचारलं, "भरतीचं पाणी तिथवर चढायचं?"

"नाय."

"उधाणाला?"

"उधाणाला पन नाय. मी खलाशी मानूस, पानी कुठवर चढतं तं मना कलतं. म्हनून तर तिकरं नेला."

तिने मान हलवली. ती रडली नाही. होडीच्या कडेवरचा एक हात तिने काढला आणि मांडीवर ठेवला. परत येताना दुसराही काढला.

घरी आलो तेव्हा आई गॅलरीत तांदूळ निवडत होती. वहिनी तिच्यापुढे बसली आणि तिने सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, नळाच्या पाण्याच्या गोष्टीसकट. मला भीती वाटत होती, आई नेहमीसारखी उठून जाईल. ती उठली नाही. तिने सूप खाली ठेवलं. सगळं ऐकल्यावर विचारलं,

"घोंगडी त्याची सोताची व्हती?"

"हो आत्या. नाववाल्याची."

"मग त्याला थंडीत काय राहिलं?"

 आईने पदर डोळ्यांना लावला, आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मुलाचं नाव घेतलं. मोठ्याने, हाक मारल्यासारखं. शेजारच्या खोलीतल्या बाया बाहेर आल्या. त्या संध्याकाळी आई किती तरी बोलली. तो लहानपणी नळावर भांडायचा कसा, गणपतीत लेझीम खेळताना पाय कसा मुरगळला, पहिल्या पगाराची जिलेबी कशी आणली. मी त्यातलं अर्धं पहिल्यांदाच ऐकत होते. त्यानंतर ती जगली तोवर तो आमच्या घरात असायचा.

पुढच्याच महिन्यात आईने एक घोंगडी आणवली आणि ती घेऊन स्वतः कोळीवाड्यात गेली. त्या दोघांचं काय बोलणं झालं ते आम्हाला तिने सांगितलं नाही. पण त्या घराशी आमचं येणंजाणं सुरू झालं ते झालंच. तो कोळी आमच्याकडे जेवायला यायचा आणि दर वेळी वहिनीने केलेल्या कालवणाला नावं ठेवून दोनदा वाढून घ्यायचा.

वहिनीने फोर्टातल्या त्या कारकुनांनाही जाऊन सांगितलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि प्रामाणिकपणे म्हणाले, एवढ्या वर्षांनी तिथे जाऊन कोणी शोधेल, असं मी म्हणणार नाही. वहिनी म्हणाली, "शोधायला नको, साहेब. मला कळलंय. तुम्हाला सांगायचं राहिलं व्हतं, म्हणून आले." त्यांनी उठून तिला नमस्कार केला.

मला वाटलं, आता हे संपलं. महाराष्ट्र झाला, मुंबई मिळाली, सभा थंडावल्या, गिरण्यांचे भोंगे पुन्हा वेळच्या वेळी वाजू लागले. पण चाळीतली गोष्ट चाळीत राहत नाही. एका दुपारी चिंचपोकळीहून एक अनोळखी बाई आमच्या दारात उभी राहिली. चालून दमलेली, घाम पुसत. तिने विचारलं, फौजेतल्या माणसांचा तपास लावते ती बाई इथेच राहते का? तिचाही नवरा परत आला नव्हता.

वहिनी नुकतीच पाळीवरून आली होती. केसांत अजून सुताची तूस होती. तिने त्या बाईला आत घेतलं, पाट मांडला, ताट वाढलं.

"आधी जेव," ती म्हणाली. "मग सावकाश सांग, कुठल्या पलटणीत व्हता."